इटलीत पिकलेले आंबे

यंदा पुन्हा मोहोर करपला. जानेवारीत बाग अशी फुलली होती की अण्णांनासुद्धा तिच्यात खोट काढता येईना, आणि वडिलांना खोट काढता येत नाही म्हटल्यावर मलाच भीती वाटायला लागली. मग फेब्रुवारीत चार दिवस मळभ आलं, तुडतुडे बसले आणि बघता बघता सगळा मोहोर काळा पडून गळला. आता मे महिना लागलाय आणि माडीवरची आंब्याची खोली रिकामी आहे. आंबे पिकायला अढी घालायची म्हणून गवत तेवढं पसरून ठेवलंय. एरवी या दिवसांत जिना अर्धा चढेपर्यंत पिकत्या आंब्याचा वास गाठतो. यंदा येतो तो नुसत्या वाळक्या गवताचा, आणि त्या वासाने मला इटली आठवते.

लोकांना वाटतं हा शाळामास्तर उगाच मिजास मारतोय. पण ज्या वर्षी आमच्या बागेत आंबा नव्हता, त्याच वर्षी आम्ही इटली पाहिली. साल दोन हजार तीन. बागायतदाराला मे महिन्यात मरायला फुरसत नसते. माझी धाकटी बहीण नंदा लग्न होऊन मिलानला राहत होती. तिचा नवरा शिरीष तिथल्या एका कारखान्यात इंजिनियर. ती चार वर्षं फोनवर बोलावत होती आणि अण्णा चार वर्षं एकच सांगत होते, "आंबा झाला की बघू." आंबा झाला की पाऊस, पाऊस आला की भात, भातामागून गवत, गवतामागून मोहोर. त्या वर्षी पहिल्यांदाच अण्णांकडे सांगायला कारण उरलं नाही. शिवाय नंदाला दिवस गेले होते, पाचवा महिना लागणार होता. आईला जाऊन तीन वर्षं झालेली. डोहाळे पुरवायचे ते माहेरच्या माणसांनी, आणि माहेर म्हणजे आम्ही दोघे पुरुष.

नंदा फोनवर म्हणाली, "अण्णा, मला दुसरं काही नको. साडी नको, काही नको. विहिरीवरच्या कलमाचा आंबा तेवढा खायचाय."

"आणतो गो," अण्णा म्हणाले. एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले.

विहिरीवरचं कलम म्हणजे बागेच्या खालच्या अंगाला, विहिरीच्या कठड्याला टेकलेलं एक जुनं झाड. त्याची फळं आईने कधी पेटीत भरू दिली नाहीत. ती घरची. आम्ही दोघं लहानपणी कठड्यावर बसून, पाय आत सोडून तो आंबा चोखायचो आणि कोय विहिरीत टाकली म्हणून मार खायचो. नंदाला काय हवं होतं ते मला बरोबर कळलं होतं. एप्रिलमध्ये अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर उन्हात, धुळीत जायची बंदी केली. म्हणजे बाग माझ्याकडे आली. मी विहिरीवर गेलो, झाडाला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली. नुसती पानं. खाली एक फळ पडलेलं, तेही खारीने अर्धं खाल्लेलं.

तेव्हाच घरी येऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? अण्णा चिडले असते, नंदा फोनवर थोडी रडली असती. पण मला ते जमलं नाही. शाळेच्या कामाचं निमित्त काढून मी एसटीने राजापूरला गेलो, कारण रत्नागिरीच्या बाजारात घेतले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं असतं. राजापूरच्या बाजारात एकाकडे दोन टोपल्या होत्या. फळ दिसायला बरं होतं. मी हातात घेऊन बघत उभा राहिलो तसा तो म्हणाला, "बघता काय साहेब, डोळे मिटून घ्या." मी डोळे मिटूनच घेतले. कुठल्या बागेचे, कुठल्या तालुक्याचे, आपल्या जिल्ह्याचे तरी आहेत का, काही विचारलं नाही. आंबा नसलेल्या वर्षी बाजारात आंबा कुठून येतो आणि कोणाच्या नावाच्या पेटीत बसतो, हे आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मी मुद्दामच विचारलं नाही.

घरी अण्णा पडवीत काळा चष्मा लावून बसले होते. मी पिशवी समोर ठेवली. त्यांनी एक आंबा उचलला, देठाशी नाक नेलं आणि जरा वेळ तसेच राहिले.

"विहिरीवरचे?"

"हो."

"हं," म्हणाले आणि आंबा परत ठेवला.

त्या एका 'हं'ने पुढे माझी सगळी इटली नासवली.

अण्णांचा संशय हा त्यांच्या धंद्याचाच भाग आहे, स्वभावाचा नंतर. जन्मभर दुसऱ्याचा माल रत्नागिरीच्या नावाने खपताना पाहिलेला माणूस सहज कशावर विश्वास ठेवत नाही. स्टँडवर बसल्या बसल्या शेजारच्या प्रवाशाच्या पेटीचा वास घेऊन ते सांगत, "हा आपल्याकडचा नव्हे. सांगा तुमच्या दुकानदाराला." मालकाने विचारलेलं नसतानाही सांगत. अशा माणसाला घेऊन मी अशा देशात निघालो होतो जिथली प्रत्येक वस्तू आपण खरी, जुनी आणि जगप्रसिद्ध आहोत असं म्हणत उभी असते.

मिलानच्या विमानतळावर आमच्या बॅगेत, अण्णांच्या धोतरांमध्ये गुंडाळलेले कच्चे आंबे होते. परदेशात फळं नेऊ देतात की नाही, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. खाकी-निळ्या कपड्यांतल्या माणसाने आमच्याकडे बघून जा म्हणून हात केला. बाहेर आल्यावर अण्णा दहा पावलं जाऊन थांबले. "बॅग उघडली कशी नाही त्याने? असं कसं सोडतात?" त्यांना सुटल्याचा आनंद नव्हता, त्यात काहीतरी काळंबेरं आहे असंच त्यांना वाटत होतं.

शिरीषच्या फ्लॅटमध्ये अढी घालायला गवत नव्हतं. मग नंदा पाळीव प्राण्यांच्या दुकानातून सशांसाठी विकतात तो पेंढा घेऊन आली. अण्णांनी तोही हुंगून पाहिला आणि बरा आहे म्हणाले. पलंगाखाली अढी लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आठ दिवसांच्या फिरतीवर निघणार होतो. शिरीषला रजा नव्हती, पण त्याने गाड्यांची, हॉटेलांची सोय करून ठेवली होती. डॉक्टरांनीही नंदाला हळूहळू फिरायला हरकत नाही म्हणून सांगितलेलं. अण्णा ऐनवेळी म्हणाले, "अढी उघडी टाकून कोण जातं? मध्येच पिकले म्हणजे?" आणि त्यांनी त्यातले चांगले सहा आंबे निवडून थोड्या पेंढ्यासकट कापडी पिशवीत घेतले. म्हणून इटलीतली शहरं मला आंब्यांच्या रंगांवरून आठवतात.

व्हेनिसला ते हिरवे होते. आम्ही बोटीतून उतरून त्या मोठ्या चौकात आलो. कबुतरं, जिथे तिथे पाणी, आणि समोर मोठ्या घुमटांचं देऊळ. त्याच्या दारावर चार घोडे आहेत. नंदा पुस्तकात बघून सांगायला लागली की हे घोडे किती जुने, कुठून कुठे नेले, किती राजांनी पळवले. सांगता सांगता ती खालची ओळ वाचून थांबली. "अण्णा, हे मात्र नकली आहेत. खरे आत ठेवलेत. वाऱ्या-पावसाने खराब होतात म्हणून."

अण्णांनी काळ्या चष्म्यातून वर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "बघ! मला वाटलंच." आणि मग पुढचे सगळे दिवस त्यांना तो नादच लागला. कुठलीही मूर्ती, खांब, दरवाजा समोर आला की विचारायचे, "हा खरा की ठेवलेला?" शहर लाकडाच्या खांबांवर उभं आहे म्हटल्यावर म्हणाले, "खाली जाऊन बघितलंय कुणी?" आणि विचारून झालं की माझ्याकडे बघायचे. निदान मला तसं वाटायचं. काळ्या चष्म्याआडून माणूस कुठे बघतोय ते कळत नाही, आणि मनात चोर असलेल्या माणसाला तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं.

फ्लोरेन्सला आंब्यांचे खांदे पिवळसर झाले. तिथे चौकात एक भला थोरला संगमरवरी तरुण उभा आहे, जगातले लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. तोही नकली, खरा संग्रहालयात. अण्णा खुशीत हॉटेलवर परतले. रोज सकाळी ते सहा आंबे पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडून, एकेक हुंगून, कूस बदलून परत पेंढ्यात ठेवायचे. मी दात घासता घासता आरशातून पाहत राहायचो. त्यांचं नाक कुठल्या आंब्यावर किती वेळ थांबतं ते मोजायचो. एकदा ते म्हणाले, "वास जरा कमी वाटतो, नाही?" मी म्हटलं, "इथे थंडी आहे ना." ते म्हणाले, "थंडी. हं." मला त्या दिवशी तिथलं जगप्रसिद्ध चित्रांचं दालन दिसलंच नाही. पायऱ्या तेवढ्या आठवतात.

पिसाच्या कलत्या मनोऱ्याखाली त्यांनी बराच वेळ काढला. तो नुकताच दुरुस्त करून पुन्हा खुला केला होता. नंदाने सांगितलं की अजून पडू नये म्हणून त्यांनी तो थोडा सरळ केलाय. अण्णा हसले. "म्हणजे पुरता सरळ करता येतो. करत नाहीत! सरळ केला तर येईल कोण?" मला राग आला. आपण एवढ्या लांब आलो, समोर एवढं सुंदर काहीतरी उभं आहे, ते नुसतं बघावं की नाही? पण खरं सांगायचं तर मीही ते बघत नव्हतो. मी अण्णांना बघत होतो. आमच्या तिघांत नंदाच काय ती इटली पाहत होती, एक हात पोटावर ठेवून, आइस्क्रीम खात, हे बघा ते बघा करत.

रोममध्ये आंबे पिकले. खोलीत वास भरला. सकाळी हॉटेलची बाई दाराशी येऊन नाकाने काहीतरी शोधत आत डोकावून गेली. तिलाही कसला तरी संशय आला असणार. त्या दिवशी नंदा आम्हाला एका जुन्या चर्चच्या ओसरीत घेऊन गेली. तिथे भिंतीला एक मोठा गोल दगडी चेहरा टेकवून ठेवलाय, तोंड उघडं. खोटं बोलणाऱ्याने त्या तोंडात हात घातला तर तो चावतो म्हणे. लोक रांग लावून हात घालत होते आणि खिदळत होते.

"घाल हात," अण्णा मला म्हणाले.

"पोरखेळ आहे अण्णा."

"मग घालायला काय झालं?"

मी हात घातला. आत थंडगार दगड होता. मी चाळिशीकडे झुकलेला, मुलांना विज्ञान शिकवणारा माणूस, पण खोटं कशाला बोलू, हात मनगटाच्या पुढे जाईना. हात बाहेर काढला तेव्हा नंदा टाळ्या वाजवत होती. "आता अण्णा!" ती म्हणाली. पण अण्णांनी हात मागे घेतला. "माझा कशाला? दगड आहे तो नुसता," म्हणाले आणि ओसरीच्या बाहेर निघून गेले. मला त्याचं तेव्हा नवल वाटलं नाही. स्टेशनवर नेपल्सच्या गाडीला वेळ होता. मी पाण्याची बाटली आणायला गेलो आणि परत आलो तेव्हा दोघं बापलेक बाकावर अगदी जवळ बसून काही बोलत होती. मला पाहिल्यावर गप्प झाली. अण्णांनी तिला सांगितलं, मनात आलं. माझ्या नावाने काय काय सांगितलं असेल, याचा विचार करत मी नेपल्सपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

मग तो समुद्रकिनारा. नेपल्सहून छोट्या गाडीने, पुढे बसने. एका बाजूला कडा, एका बाजूला सरळ खाली निळं पाणी, आणि वळणं अशी की समोरून बस आली की एकाला मागे जावं लागतं. अण्णांनी ड्रायव्हरची मात्र तारीफ केली. आपल्याकडे कोकणात आंजर्ल्याच्या बाजूला कड्यावरून समुद्र दिसतो तसाच हाही दिसत होता, पण अण्णांचं लक्ष समुद्राकडे नव्हतं. डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्या पाडल्या होत्या आणि त्यांवर लिंबाच्या बागा होत्या. वर काळी जाळी, खाली लाकडी मांडव, आणि नारळाएवढी नव्हेत पण चांगली मुठीएवढी पिवळीधमक लिंबं. अण्णा खिडकीला नाक लावून बसले. "बांध बघ कसे घातलेत," एवढंच म्हणाले. त्या प्रवासात पहिल्यांदाच त्यांनी खरं की खोटं असं विचारलं नाही.

गावात उतरल्यावर एका चढावर, बागेच्या फाटकाशी एक म्हातारा लिंबं मांडून बसला होता. अण्णांनी एक उचललं आणि देठाशी नाक नेलं. मग दुसरं. मग म्हाताऱ्याच्या मागच्या झाडांकडे बोट, लिंबाकडे बोट, आणि भुवया वर. म्हणजे हे इथलंच ना, की बाहेरून आणून मांडलंस? नंदा शरमेने म्हणाली, "अण्णा, असं नसतं विचारायचं!" पण म्हाताऱ्याला भाषांतर लागलं नाही. तो उठला, अण्णांचा दंड धरून त्यांना आत घेऊन गेला, एक फांदी वाकवली आणि तिथलं लिंबू त्यांच्या नाकाखाली धरलं. अण्णांनी डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवली. दोघंही हसले. मला वाटतं अख्ख्या इटलीत अण्णांना पटलेला तो एकच माणूस.

फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसून अण्णांनी पिशवी उघडली. "आता खा गो," ते नंदाला म्हणाले. तिने सुरी नको म्हटलं. आंबा मऊ केला, देठ काढला, पहिला थेंब टाकून दिला आणि चोखायला लागली. रस कोपरापर्यंत आला. खाली समुद्र, वर घंटा वाजत होत्या, आणि मला त्यातलं काही नको होतं, फक्त ती काय म्हणते ते हवं होतं. तिने डोळे उघडले, अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"विहिरीवरचाच," ती म्हणाली आणि रडायला लागली.

अण्णांनी एक फोड कापून म्हाताऱ्याला दिली. त्याने चाखली, डोळे मोठे केले, आणि आंब्याकडे बोट दाखवून मग अण्णांच्या छातीकडे बोट दाखवलं. तुझा? तुझ्या बागेचा?

अण्णांनी छातीवर हात ठेवला. "माझा," ते मराठीतच म्हणाले.

मी सुटलो असं मला वाटायला हवं होतं. पण परत आल्यावरही मला अण्णांचा भरवसा वाटेना. जूनमध्ये ते विहिरीवर गेले, कठड्यावर बसून बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "पानं बरी आहेत." बस्स. मग पाच वेळा आंबा आला नि गेला, यंदा तर आलाच नाही. दर मे महिन्यात ते तोंड उघडत आणि मी मनाची तयारी करत असे, आणि ते म्हणत, "चहा टाक."

परवा नंदा आली. आता ती पुण्यात असते. सोबत तिची साडेपाच वर्षांची मुलगी. बाग सगळी रिकामी, पण योगायोग असा की यंदा विहिरीवरच्या कलमाला वर शेंड्याकडे मोजकी फळं राहिली होती. त्यांतली दोन पिकली. काल संध्याकाळी आम्ही सगळे कठड्यावर बसलो होतो. भाची अर्धा आंबा तोंडाला माखून विहिरीत डोकावत होती. मला राहवलं नाही. अण्णा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असूनही मी नंदाला हळूच सांगून टाकलं, राजापूरपासून सगळं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुला माहीतच नाही? दादा, मला रोमच्या स्टेशनवरच सांगितलं होतं अण्णांनी. म्हणाले, कलमाला फळ नाही हे पहिल्या दिवशीच वासावरून कळलं. पोरगा कुठे कुठे फिरला असेल तुझ्यासाठी. आंबा कसाही लागला तरी विहिरीवरचाच म्हण हां."

सगळ्या इटलीला ज्या माणसाने खरी की खोटी असं विचारलं, त्याने माझ्या खोट्याला स्वतःचं नाव दिलं होतं, परक्या मुलखात, छातीवर हात ठेवून. आणि त्या आठ दिवसांत मी त्याच्याकडे चोरासारखा बघत होतो.

नंदाने कोय चोखून कठड्यावर ठेवली. "पण खरं सांगू? तेव्हाचा जास्त गोड होता."

अण्णांनी मान वळवली. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते ऐंशीला आलेत, डोळे पुन्हा अधू झालेत, पण कान आणि नाक शाबूत आहेत.

"सहा वर्षं विचारीन विचारीन म्हणतोय," ते म्हणाले. "कुठले होते रे ते?"

"राजापूरला घेतले, अण्णा. कुठल्या बागेचे ते विचारलं नाही."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

अण्णांनी हातातल्या आंब्याच्या देठाशी नाक नेलं, नेहमीसारखा वेळ घेतला, आणि तो आंबा माझ्या हातात दिला.

"बरं केलंस," ते म्हणाले. "खा."